मूरांचं पाणी कुणाला गेलं

माझी नोकरी आज शाबूत आहे ती दोन गोष्टींमुळं. एक म्हणजे चारशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलून दिलेले मूर लोक, आणि दुसरी म्हणजे आमच्या भागातला कालवा. दोघांचेही आभार मानायचे राहून गेलेत. मूरांचे वंशज आता कुठं शोधायचे ते मला माहीत नाही आणि कालव्याला शाल-नारळ देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं कॉलेज पाथरी तालुक्यात आहे. पुढून चिंच, मागून कापूस आणि मधे दोन मजली इमारत. तिथं मी इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं की इतिहास विषयाला विद्यार्थी कमी आहेत, तेव्हा समिती येईल, तासाला बसेल, हजेरी बघेल, शिकवणं बघेल आणि विषय ठेवायचा की बंद करायचा ते ठरवेल. विषय बंद म्हणजे मीही बंद. माझ्या अंगात दुसरा कुठलाच गुण नव्हता. शेती केली तर बैल मला नांगराला जुंपून स्वतः मागं चालतील अशी माझी ख्याती होती.

प्राचार्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. माणूस भला, पण त्यांना माझ्या तोंडाची धास्ती होती.

"सर, तुमी गोष्टी लय झकास सांगता," ते म्हणाले. "शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका तुमी अशी सांगितली, की तुमीच पेटाऱ्यात होता असं पोरांना वाटलं. पण ह्या बारीला गोष्ट न्हाई चालणार. पोरं पायजेत. खरी पोरं. बाकावर बसलेली."

"बसतील की," मी म्हणालो.

"पाणी सुटलं तर?"

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. रब्बीत कालव्याला पाणी सुटतं ते पाळीनं. आज या चारीची, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या छोट्या पाटाची पाळी, उद्या पुढच्या. प्रत्येक शेताला ठरलेले तास. तेवढ्या वेळात फावडं घेऊन दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करून पाणी दुसऱ्याकडं वळवायचं. पाळी चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, आणि गहू तोवर थांबत नाही. चारीच्या वरच्या तोंडाला आमच्याकडं हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. जे शेत टेलला, त्याच्यापर्यंत पाणी पोचता पोचता करंगळीएवढं होतं. त्यामुळं पाणी सुटलं की कॉलेजात माणूस औषधालाही सापडत नाही. एकदा घंटा देणारा शिपाईच दारं धरायला गेला आणि आमचा पहिला तास सलग तीन दिवस चालला. मी सिंधू संस्कृतीला सुरुवात केली होती, शिपाई परत आला तेव्हा आम्ही पेशवाईच्या अखेरीस पोचलो होतो.

त्या महिन्यात अभ्यासक्रमात मूर होते. मी त्यांना असं उभं केलं की विचारू नका. उत्तर आफ्रिकेतून समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून आलेली ही मुसलमान माणसं, जवळपास आठशे वर्षं स्पेनात राहिली. ग्रॅनडाचा राजवाडा वर्णन करताना कारंज्याचे शिंतोडे तिसऱ्या बाकापर्यंत गेले. एका पोरानं वही पुसून घेतली. पण आमची पोरं राजवाड्यानं हलणारी नव्हेत. ती हलली कधी, तर मी ऊस, भात, कापूस आणि संत्र्यांवर आलो तेव्हा, आणि मूरांनी डोंगरातून पाट काढून कोरडी जमीन कशी भिजवली ते सांगायला लागलो तेव्हा. मागच्या बाकावर झोपणारा एक जण उठून बसला आणि त्यानं विचारलं, "सर, तिकडं पाळी कोण ठरवायचं?"

मी सांगितलं की वलेन्सिया नावाच्या शहरात चर्चच्या दाराशी दर गुरुवारी पाण्याची पंचायत बसते. शेतकऱ्यांनी निवडलेले पंच, उघड्यावर, कागद नाही, वकील नाही. तक्रार तोंडी, निकाल तोंडी, आणि तो सगळे मानतात. ही प्रथा मूरांच्या काळापासूनची मानतात आणि ती अजून चालू आहे.

वर्ग हसला. टेलला शेत असलेली एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत हुशार, ती ओढणी तोंडाला लावून म्हणाली, "सर, पाण्याचा निकाल सगळे मानतात म्हणं."

आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टी वर्गात सांगितल्या त्यातली ही शंभर टक्के खरी होती, आणि नेमकी तिच्यावरच कुणाचा विश्वास बसला नाही.

समितीचा दिवस उजाडला. सकाळी आठ वाजता त्या मुलीचा फोन आला.

"सर, पाणी सुटलंय. आज आमच्या चारीची पाळी हाय. सगळेच इकडं हाईत."

"सगळे म्हणजे?"

"म्हंजे आपला वर्ग. ह्या पोरांची पाळी झाली की ते माझ्याकडं येणार, माझी झाली की मी त्यांच्याकडं. तुमी काळजी करू नका सर, संध्याकाळी तास घ्या, आमी येतो."

संध्याकाळपर्यंत माझा इतिहासच झाला असता. दहा वाजता विद्यापीठाची पांढरी गाडी आली. समितीतले बाकीचे आजारी पडले होते म्हणून एकट्या मॅडम उतरल्या. सुती साडी, कडक इस्त्री, हातात फाईल. त्यांनी माझ्या वर्गात पाऊल टाकलं. बाकं होती, फळा होता, फळ्यावर "मूरांची हकालपट्टी" असं माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आणि पंख्यावर एक चिमणी होती. त्या चिमणीचं नाव पटावर नव्हतं.

"विद्यार्थी?" मॅडमनी विचारलं.

प्राचार्यांचा रंग चुन्यासारखा झाला. माझी जीभ मात्र माझ्या परवानगीची वाट बघत नाही.

"मॅडम, आज क्षेत्रभेट ठेवलीय," मी म्हणालो. "मूरांची सिंचन व्यवस्था, प्रत्यक्ष. पोरं सकाळपासून तिकडंच आहेत."

प्राचार्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं विहिरीच्या काठावर उभ्या माणसाकडं पाहतात. मॅडम म्हणाल्या, "चला." आम्ही तिघं गाडीत बसलो.

आता पुढचं जे झालं ते फक्त आमच्याच भागात होऊ शकतं. कालव्याच्या रस्त्याला पांढरी गाडी आणि पुढं पाटी दिसली की आमच्या माणसाच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे तपासणी पथक. कालव्यात कुणी पाणी उपसायला इंजिन टाकलंय, कुणी चोरून पाईप सोडलाय, ते बघायला आलेलं. आमची गाडी वळणावर दिसली मात्र, कालव्याच्या दोन्ही काठांवर जी पळापळ झाली ती मी कुठल्या लढाईतही वाचलेली नाही. पाईप सापासारखे सरसर उसात शिरले. एक गृहस्थ पाईपावर बसले आणि पाईप काही बंद झाला नाही, त्यामुळं त्यांच्या खालून झरा फुटल्यासारखा दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले, जसं काही ते तिथं समाधी घेऊनच बसलेत. दुसऱ्याला इंजिन ओढायला वेळच मिळाला नाही. त्यानं त्यावर घोंगडी टाकली आणि जवळ बसून राहिला. घोंगडी थडथडत होती.

मॅडमनी गाडी थांबवली. "हे काय आहे?"

"आई हाय मॅडम," तो म्हणाला. "हिवताप आलाय. लय थंडी वाजायली."

"अहो, मग दवाखान्यात न्या त्यांना."

"पाळी झाली की नेतो."

घोंगडीतून धूर निघाला तेव्हा मी मॅडमना पलीकडच्या काठावरचा एक बगळा दाखवला. बगळा दुर्मिळ जातीचा आहे, मोरोक्कोहून येतो, असंही सांगितलं. त्या बगळ्याचे उपकार मी विसरणार नाही. तो हलला नाही.

चारीच्या टेलला पोचलो तर माझा वर्ग खरंच तिथं होता. घोट्यापर्यंत चिखलात, हातात फावडी. एक जण वाफ्याचं तोंड मोडून पाणी घेत होता, दुसरा ते मातीनं धरत होता, तिसरा वर चारीवर पाणी कमी-जास्त बघत होता. हुशार मुलगी ओढणी कमरेला बांधून गव्हात उभी होती, आणि तिचे आजोबा बांधावर बसून सगळ्यांना सूचना देत होते. ऐंशीच्या पुढचे, डोक्याला पांढरा पटका, आवाज मात्र पाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

"मास्तर आले," ते म्हणाले. "सोबत कोण बाई हाईत? बसा माय. डहाळे खाता का हरभऱ्याचे?"

मॅडम बांधावर बसल्या. त्यांच्या इस्त्रीचं जे व्हायचं ते झालं. त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "सर, तुमचा तास सुरू करा."

सुरू केला. पोरांनी काम थांबवलं नाही, थांबवता येत नव्हतं, पण कान माझ्याकडं होते. ग्रॅनडा ख्रिस्ती राजाला शरण आलं तेव्हा मूरांना लेखी वचन दिलं होतं, की तुमचा धर्म, तुमचे रिवाज, तुमची मालमत्ता राहील. ते वचन काही वर्षांतच मोडलं. मग हुकूम निघाला की बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला, शेतं सोडवेनात म्हणून. त्यांना मोरिस्को म्हणू लागले. शंभर वर्षांनी पुढच्या एका राजाला ते मोरिस्कोही नकोसे झाले. बाप्तिस्मा घेतलेल्या लाखो माणसांना जहाजांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. यातली एकही ओळ मी वाढवून सांगितली नव्हती. गरजच पडली नाही.

आजोबा ऐकत होते. मधेच म्हणाले, "मास्तर, हे उंदलुसचं सांगायलाव का तुमी?"

मॅडमनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"निजामाच्या काळात चौथीपत्तोर उर्दूत शिकलो ना माय. आमचे उस्ताद स्पेनला उंदलुसच म्हणायचे, तिथलं सांगायचे. सांगता सांगता गप व्हायचे." त्यांनी पटका सारखा केला. "मी एक इचारू का मास्तर?"

"विचारा की."

"ती माणसं पाट काढणारी होती म्हणलात. त्यांची पाळी होती. जहाजात घातलं त्यांला. तवा त्यांची पाळी कुणाला दिली?"

पोरांची फावडी थांबली. एका वाफ्यातून पाणी ओसंडलं तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

माझ्या तोंडात मनानं रचलेलं उत्तर तयार होतं, दाढीवाल्या सरदारासकट. मी सांगितलं असतं आणि सगळ्यांनी लिहून घेतलं असतं. पण आजोबांनी चाळीस वर्षं टेलला काढली होती. वरच्यांनी खाल्लेलं पाणी खालच्याला कसं पोचत नाही हे त्यांना जेवढं ठाऊक, तेवढं कुठल्या इतिहासकाराला नाही. अशा माणसाला पाण्याबद्दल थाप मारायला माझीही जीभ धजली नाही.

"माहीत नाही आजोबा," मी म्हणालो.

प्राचार्यांनी डोळे मिटले. माझ्या नोकरीचा अंत्यविधी ते मनातल्या मनात उरकत असावेत.

मॅडम म्हणाल्या, "मलाही माहीत नाही."

आणि मग माझा वर्ग बोलत सुटला. आजवर असा सुटला नव्हता. "हेडवाल्यांनी खाल्ली असंल," एक म्हणाला. "राजानं आपल्या सोयऱ्याला दिली असंल." "अरे पण चारी कोण साफ करंल? नव्या माणसाला गाळ कुठं बसतोय ते काय म्हाईत." हुशार मुलगी गव्हातूनच म्हणाली, "पाणी जमिनीसंगं जातं का माणसासंगं, ते बघाया पायजे आधी." दुसरा म्हणाला, "तुझ्या बांधाला भगदाड पडलंय, ते बघ आधी." तिनं बघितलं, बुजवलं आणि वाद पुढं चालू ठेवला. मॅडम डहाळे सोलत एकेकाला प्रश्न विचारत होत्या, आणि ज्या पोरांना परीक्षेत ग्रॅनडा कुठं आहे ते सांगता येत नव्हतं, ती पोरं वचन मोडल्याचं, बाप्तिस्म्याचं, जहाजाचं सगळं बरोबर सांगत होती, कारण ते आता त्यांच्या चारीला जोडलं गेलं होतं.

निघायच्या आधी मॅडमनी हजेरी घेतली. कालव्याच्या काठावर उभं राहून एकेक नाव पुकारलं. गव्हातून "हजर" आलं, उसातून आलं, चारीच्या वरच्या तोंडापासून, जवळपास अर्ध्या मैलावरून आलं. पटावर नावं होती त्यापेक्षा दोन उत्तरं जास्त आली. त्यातली एक ओ घोंगडीवाल्याची होती. पथक निघून जावं म्हणून तो त्या घडीला बी.ए. करायलाही तयार होता.

अहवाल यायला दोन महिने लागले. विषय एक वर्षापुरता चालू ठेवावा, पुढच्या वर्षी प्रवेश वाढले नाहीत तर बंद करावा, असं टाईप केलेलं होतं. खाली मॅडमनी हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या, की त्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर मला कळवा, मीही शोधते आहे.

ते शोधायला मला सगळा उन्हाळा लागला. मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तकं पाठवली, हुशार मुलीनं माझ्यासोबत बसून डिक्शनरीत शब्द काढले. उत्तर मिळालं तेव्हा आम्ही दोघं आजोबांच्या शेतावर गेलो. गहू निघून गेला होता, चारी कोरडी होती. आजोबा बाभळीखाली बसले होते.

मी सांगितलं. पाणी तिथं जमिनीला बांधलेलं होतं, त्यामुळं जमीन ज्याला मिळाली पाळी त्याला गेली. पण जमीनदारांना आधीच धास्ती पडली होती की ही माणसं गेली तर शेतं कोण करणार. म्हणून वलेन्सियाच्या फर्मानात एक सवलत घातली. शंभरातली सहा घरं मागं ठेवायची, भात, साखरेचे घाणे आणि पाट राखायला, नव्या लोकांना शिकवायला.

"राहिली का ती सहा?" आजोबांनी विचारलं.

"नाही. थांबायला जवळपास कुणी तयार झालं नाही. बाकीच्यांसोबत गेले. कित्येक गावं पुढं बरीच वर्षं ओस पडली."

आजोबांनी बाजूचं एक ढेकूळ उचलून मुठीत फोडलं.

"न्हाईच थांबायचे," ते म्हणाले. "दारं धरणं एकल्याचं काम न्हाई मास्तर. वरचा मोडतो तवा खालचा धरतो. वरचा गेला, शेजारचा गेला, तर सहा घरानं फावडं घेऊन करावं काय? कुणाला हाळी द्यावी?"

मी मॅडमना पत्र लिहिलं त्यात हे तसंच्या तसं उतरवलं. माझ्या हातून गेलेला हा पहिला कागद असावा ज्यात माझं स्वतःचं काहीच नव्हतं. मग आजोबांना माझीही अडचण सांगितली, की येत्या वर्षी प्रवेश वाढले नाहीत तर मीही जहाजात. हे मी हसत सांगितलं होतं. ते हसले नाहीत.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. पहिल्या दिवशी माझ्या टेबलापुढं तीन पोरं. दुसऱ्या दिवशी एक, तेही भूगोल कुठं मिळतो विचारायला आलेलं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकातून एक टेम्पो आत शिरला. पुढं ड्रायव्हरशेजारी आजोबा, मागं उभ्यानं त्यांच्या चारीवरच्या घराघरांतली पोरंपोरी. काहींचे आईबापही होते, आमचं लेकरू कुठं चाललंय ते बघायला. शेजारच्या दोन चाऱ्यांवरचीही होती. आजोबा आठ दिवस सकाळी निघून बांधाबांधानं हिंडले होते, असं मला नंतर कळलं. कुणाकडं चहा घेतला, कुणाशी भांडले, एकाला म्हणे वीस वर्षांचा अबोला सोडून बोलले.

टेम्पोतून उतरायला त्यांना दोघांनी धरलं. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, ही पोरं धरा," ते म्हणाले. "अन् हे बगा, ही दोन पोरं सायन्सला जातो म्हणत होती. त्यांचं आधी लिव्हा, न्हाईतर पळतील."

मी पेन उघडलं. प्राचार्य केबिनमधून बाहेर आले, दारातच उभे राहिले आणि मग स्वतः खुर्ची आणून माझ्या शेजारी बसले, कारण एकट्यानं फॉर्म भरून होण्यासारखे नव्हते. मी नाव विचारायचो, ते जन्मतारीख लिहायचे. आजोबा चिंचेखाली बसून रांग सरळ ठेवत होते.